आईच्या माहेरच्या वाटेवरचे थांबे

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे सांगितलं की लोकांना वाटतं, आता ही गरिबीची कहाणी लावणार. तसं काही नाही, मला नुसतं सांगायला आवडतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. कोल्हापुरात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते आणि रविवारी सायकल चालवते. गियरची सायकल, हेल्मेट, हातमोजे, सगळा थाट आहे. पन्हाळा तर झालाच, एकदा आमच्या ग्रुपबरोबर गोव्यापर्यंत जाऊन आले. पण लांबचा प्रवास कुठला केलास असं कुणी विचारलं तर मी गोवा सांगत नाही. शिरोळहून, म्हणजे माझ्या माहेराहून, गारगोटीच्या पुढच्या एका गावापर्यंत गेले होते, तो सांगते. ग्रुपमधली पोरं हसतात. ते अंतर त्यांच्या सकाळच्या चहापर्यंतचं. मला दोन दिवस लागले, कारण बरोबर आई होती आणि आईला जागोजागी थांबायचं होतं.

आईला सायकल येते, हे आधी सांगायला हवं. आठवीत मला शाळेतून मुलींची सायकल मिळाली. मी ती शिकायच्या आत आईनं शिकून घेतली. संध्याकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर कुणी नसलं की लुगडं खोचून ती पायडल मारायची आणि मी मागं कॅरेज धरून पळायचे. पुढं ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली तेव्हा तीच सायकल घेऊन जायची. अजून तीच आहे. सीट बदललंय, टायर बदललेत, मडगार्डवर शाळेचं नाव होतं ते पुसून गेलंय.

आईचं माहेर गारगोटीच्या पुढं, भुदरगडातलं. सासरी गेलेल्या लेकीला सणाला न्यायला जो येतो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. आईचा मुराळी तिचा एकुलता एक थोरला भाऊ, माझा मामा. पंचमीला आणि दिवाळीला तो यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तर सायकलीवरून यायचा. आईला कॅरेजवर बसवायचा, वाटेत कागलला पाहुण्यांकडं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचवायचा. पुढं एसटी सोयीची झाली, मग त्यानं मोटारसायकल घेतली, पण न्यायला यायचा चुकला नाही.

मामा गेला. दिवस घालून आई परत आली, त्यानंतर ती माहेरी गेलीच नाही. मामीचा फोन नाही, आईचाही नाही. मामाचा मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला शिफ्टमधून डोकं वर काढायला वेळ नाही. भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. आई अंगणात ताट घेऊन उभी राहायची आणि ढगाआडच्या चंद्राची वाट बघत बसायची. तिसऱ्या वर्षी मला ते बघवेना.

"आई, तुझंच घर आहे ते. जाऊन ये की."

"मुराळी आल्याबिगर?"

"आता कुठला मुराळी येणार?"

"मग कसं जायाचं गं? भाऊ गेल्यावर भन आपणहून दारात हुबी ऱ्हायली की लोकांस्नी जमीन दिसती. वैनीला बी दिसली तर?"

मी सरळ बोलणारी बाई आहे. मी म्हटलं, "मी मुराळी. मी नेते तुला. मामासारखी सायकलीवरनं नेते."

आई उठून अंगणात गेली. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "मागच्या चाकात हवा भराय लागंल."

वडिलांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात होते. "जावा की," ते म्हणाले, "पर म्हशीला सांगून जावा. ती माझ्या हातची धार देत न्हाई, आन् सर्कस बघाय गेलीया मालकीण म्हटलं तर तिला पटायचं न्हाई."

अशा आम्ही दिवाळीनंतर एका सकाळी निघालो. आईनं पायांत माझे जुने स्पोर्ट्स शूज घातले. हेल्मेट घालणार नाही म्हणाली, मग घातलं, आणि त्याच्यावरून पदर घेतला. मी म्हटलं, पदर आतून घे. ती म्हणाली, "गावातनं जाताना पदर डोक्यावर दिसला पायजे. टोपी कुणाला दाखवायची हाय?"

पंचगंगेच्या अलीकडं पहिला थांबा लागला, निघून अजून अंग गरम व्हायचं होतं. रस्त्याकडेला एक होडी आहे. पाणी नाही, घाट नाही, चांगली कोरड्या जमिनीवर, लिंबाच्या झाडाखाली. महापुरात माणसं काढायला आणलेली. पाणी ओसरलं तशी ती जिथं टेकली तिथंच राहिली, आणि एका चहावाल्यानं तिच्याशेजारी टपरी टाकली. गिऱ्हाईक होडीत बसून चहा पितं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांची तर ती आवडती जागा. गाणी मोठ्यानं चालू ठेवून ट्रॅक्टर रस्त्यावर उभे आणि ड्रायव्हर होडीत.

"थांबूया," आई म्हणाली.

"आई, आत्ता तर निघालोय."

"मुराळी असा घाई करतोय व्हय? चहा पाजीत न्हेतोय मुराळी."

ती होडीत चढली. चहावाला म्हणाला, "बसा मावशी, बुडत न्हाई."

"वल्हं कुठाय?"

"चुलीत गेलं. दोन वर्सं चहा केला त्याच्यावर."

ट्रॅक्टरवाले हसले. आईही हसली. मग तिनं होडीच्या कडेवरून हात फिरवत विचारलं, "आन् मालक कुठाय हिचा?"

"हुता की वरच्या गावचा. पाणी उतरल्यावर न्ह्याय येतो म्हणला. म्या बी म्हटलं, येईल तवा येईल. आता कुठला येतोय."

आई चहा पिता पिता थांबली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "चल." चहा अर्धा राहिला होता. आईनं चहा अर्धा टाकलेला मी जन्मात बघितला नव्हता.

इचलकरंजी मागं पडली. हुपरीच्या जवळ आईच्या सायकलीची चेन उतरली. मी बसवली, परत उतरली. एक कडी सैल झाली होती. कडेला पंक्चरचं दुकान दिसलं तिथं ढकलत नेली. हुपरी चांदीच्या दागिन्यांचं गाव, तिथं घराघरात पैंजणं जोडतात. त्या दुकानातही तेच. पुढच्या बाजूला नवरा टायर खोलून बसलेला, त्याचे हात कोपरापर्यंत काळे, आणि मागच्या अर्ध्या भागात त्याची बायको स्वच्छ कापड पसरून पैंजणाला घुंगरू लावत बसलेली. दोघांच्या मधे एक पाट आडवा टाकलेला.

"तो पाट कशाला?" आईनं विचारलं.

"त्यांचं ग्रीस हिकडं येऊ ने म्हणून," बायको म्हणाली. "पाटाच्या पलीकडं त्यांचं राज्य, अलीकडं माझं. जेवणं तेवढी पाटावर."

नवरा चेन हातात घेऊन म्हणाला, "ही कुठल्या सालातली म्हणायची?"

"लेकीच्या आठवीची," आई म्हणाली.

"मग लेकीचं वय कळंल की वो हिशेब लावला तर!"

"लावा. बी.एस्सी. हाय ती, तीच तुमाला करून दावंल."

आई माझी अशी जाहिरात कुठंही करते, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडतं.

चेन दहा मिनिटांत झाली असेल. पण आई पाटाच्या अलीकडं जाऊन बसली होती आणि घुंगरू कसे अडकवतात ते शिकत होती. एक झाला, दोन झाले, मग पुरी एक ओळ झाली. बायकोनं एका डबीत तयार जोडवी ठेवलेली होती, ती आईनं हातात घेतली. वजन केल्यासारखी तळव्यावर खेळवली. मामा होता तेव्हा माहेरी जाताना आई मामीसाठी हुपरीचं काही ना काही न्यायची. पैंजणं, मासोळ्या, जोडवी.

"वैनीला न्यालायसा व्हय आक्का?" बायकोनं विचारलं. "घ्या की, बारकं माप बी हाय."

आईनं जोडवी परत डबीत ठेवली. एकेक करून, जशी होती तशी. "न्हाई," ती म्हणाली, "तिला आता न्हाई चालायची." त्या बाईला लगेच कळलं. तिनं डबीचं झाकण लावलं, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या आईला बी म्या सांगतो, घाल की गं. ती बी घालत न्हाई."

त्या दिवशी कागलला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडं मुक्काम केला. तिच्या सासूला आई म्हणाली, लेक मुराळी म्हणून आलीया. सासूनं तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "काय नवंच!" पण सकाळी निघताना तिनं मला नारळ दिला आणि कुंकू लावलं. मुराळ्याचा मान म्हणून. मी तो बॅगेत असा जपून ठेवला की जणू मला कुणी पदकच दिलंय.

दुसऱ्या दिवशी हवा गार होती आणि रस्ता चढाचा. मुरगूडच्या वाटेला उसाच्या फडातून धूर दिसला आणि त्याच्यामागून गुळाचा वास आला. आईनं मला विचारलंसुद्धा नाही, सरळ हँडल वळवलं.

गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय सोडत नाहीत, ही आमच्या जिल्ह्याची रीत. ओळख लागत नाही. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि गुळव्या, म्हणजे गूळ कधी झाला हे ठरवणारा माणूस, लांब दांड्यानं मळी बाजूला काढत होता. डोक्याला पंचा, मिशा गुळाच्या रंगाच्या.

"या पावणं! हेल्मेट काढा, रस टोपीतनं प्यायचा न्हाई."

पेले आले. रसात आलं-लिंबू होतं. आई एका दमात प्यायली.

"कुठं निघालाय मायलेकी?"

"म्हायेराला," आई म्हणाली.

"आन् मुराळी कुठाय?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. गुळव्यानं दांडा थांबवला. चुलवणात चिपाडं सारणारा माणूसही वर बघायला लागला.

"पोरगी मुराळी? मग जावाय घरात भाकरी थापतोय व्हय?"

"व्हय, थापतोय," मी म्हटलं. "चांगल्या फुगतात त्याच्या."

"आयला! मग आमच्या बी घरात लावून द्या की त्याला दोन दिस," तो म्हणाला, आणि सगळं गुऱ्हाळ हसलं. खरं तर माझ्या नवऱ्याची भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारखी होते. पण तिथं मी माघार घेणार नव्हते.

त्यानं उसाच्या कांडीला गरम गूळ गुंडाळून दिला. आई तो फुंकून फुंकून खात होती. "तुझ्या मामाची मिशी चिकटायची," ती म्हणाली. "असाच एकदा हितं कुठंतरी थांबलो हुतो. मिशीला गूळ लागला, आन् गार झाल्यावर त्याला तोंडच उघडंना. त्यो नुसता हातानं सांगतोय, बस मागं, बस. म्या रस्त्यात खाली बसून हसायले." ती आत्ताही तशीच हसत होती. डोळे पुसत पुसत.

मी घड्याळ बघितलं. "आई, चल आता. दुपार व्हायच्या आत पोचू."

"एवढं आधण उतरू दे. गूळ पडताना बघूया."

काहिलीतलं आधण उतरलं, गूळ गार करायच्या वाफ्यात पडला. मग आई म्हणाली, दुसरं आधण कसं घालतात ते बघूया. गुळव्यालाच शेवटी कळलं. "मावशी," तो म्हणाला, "जावा आता. अंधार पडला की चढाला भ्या वाटतंय."

मुदाळ तिट्ट्याच्या पुढं एका वळणावर रस्त्यात हवालदार उभा दिसला. मी सवयीनं ब्रेक दाबला. जवळ गेलो तर बुजगावणं. कुणा शेतकऱ्यानं खाकी सदऱ्यात पेंढा भरून, डोक्याला टोपी घालून, एक हात आडवा करून बांधावर उभं केलेलं. वळणावर मोटारसायकली जोरात येतात आणि त्याच्या भाजीच्या वाफ्यात घुसतात, त्याला हा उपाय. आमच्यादेखत एका पोरानं लांबूनच बघून गाडीला अडकवलेलं हेल्मेट डोक्यात घातलं, आणि पुढं गेल्यावर त्याला कळलं तशी त्यानं बुजगावण्याला एक कचकचीत शिवी दिली.

आईनं सायकल स्टँडवर लावली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "सायबा," ती म्हणाली, "लायसन न्हाई माझ्याकडं. मुराळी बी बाई हाय. अडीव की."

मी हसले. ती हसली नाही. तिनं त्याच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी लावली, टोपी सरळ केली, खांद्यावरचा पेंढा आत खुपसला. मग बांधावर बसली. शूज काढले. परत घातले. नाड्या परत बांधल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला होडी बघायची नव्हती आणि घुंगरू लावायलाही शिकायचं नव्हतं. ती वाट लांबवत होती. गारगोटी जवळ आली की तिचं पायडल जड होत होतं.

"भीती वाटते, आई?"

"कुणाची?"

"मामीची."

"वैनीची कसली भ्या? ती काय वाघ हाय?" आणि थोड्या वेळानं, दुसरीकडं बघत, "तिनं दारातनं इचारलं, काय काम काढलंसा, तर काय सांगू गं मी?"

मी शिकलेली, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. पण मी सायकल नुसती बांधाला टेकवली. मी तिच्या शेजारी बांधावर बसले. आम्ही तिघं बराच वेळ तिथं होतो, मी, आई आणि तो हवालदार.

गारगोटीच्या बाजारातून आईनं केळी घेतली, उतरून दोनदा चालत गेली, एकदा शाळेच्या कुंपणापाशी थांबून पोरांचा खेळ बघितला. मी प्रत्येक वेळी सायकल धरून उभी राहिले. दुपार कलल्यावर मामाच्या गावाचा फाटा आला. तिथं एसटीचा निवारा आहे. तीन भिंती, एक बाकडं, भिंतीवर खताची जाहिरात. आत एक म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. फाट्यावरून गाव दिसतं. मामाच्या घराची कौलंसुद्धा दिसतात.

आईनं सायकल निवाऱ्याच्या भिंतीला टेकवली आणि बाकड्यावर बसली.

"बस हितं," मला म्हणाली. "आपुन आलो ते लई झालं."

"गाव दिसतंय आई. पाच मिनिटं."

"दिसू दे की."

"मग चल. मी आहे ना मुराळी?"

तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "पोरी, मुराळी म्हायेरातनं येतोय. तू माझ्या सासरची लेक. तू मला पोचवाय आलीयास, न्ह्याय न्हवं. न्ह्याय त्या घरातनं कुणीतरी याय पायजे. त्या घरातनं बोलावणं न्हाई तर तू मला विमानानं आणलीस तरी मी न बोलावता आलेलीच."

मला जे वाटलं ते वाटलं. दोन दिवस चढ चढून, नारळ घेऊन, गुऱ्हाळावर हशा घेऊन मी मुराळी म्हणून मिरवत होते आणि मला ते पदच नव्हतं.

"मग हे घरीच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस, मी मुराळी. मला लई बरं वाटलं गं. किती दिसांनी कोण तरी म्हणालं, चल न्हेते."

मी उठले. राग आला होता. आईचा नाही, त्या रीतीचा. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही. मी माहेरी जाते तेव्हा साधा फोनही करत नाही, जाऊन सरळ दुरडीतली भाकरी घेते. म्हातारीला म्हटलं, आज्जी, आईकडं बघा जरा, आणि सायकल गावाकडं मारली.

मामी खळ्यावर होती. भाताची मळणी पडलेली, केसांत, कानांत, सगळीकडं भुसकाट. मामी बुटकी आहे आणि आवाज असा की दोन शेतं पलीकडं ऐकू जावा. मला बघून तिनं हातातली पेंढी टाकली.

"अगं बया! एकटीच? आई कुठाय?"

"फाट्यावर. निवाऱ्यात बसलीय."

"गाडी चुकली व्हय?"

"सायकलीवरनं आलोय. दोघी. शिरोळपासनं."

"त्या शाळंच्या सायकलीवरनं?" मामीनं कपाळावर हात मारला. "आन् एवढं येऊन फाट्यावर का? पाय मोडला काय?"

"न्यायला या घरातनं कुणी आल्याशिवाय ती येत नाही."

मामी पेंढ्यांच्या ढिगावर बसली. एक लोंबी उचलून तिचे दाणे चिमटीनं काढत राहिली.

"मी वाट बघाले तीन वर्सं," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मामीचा आवाज बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "मला वाटलं, भाऊ गेला, वन्संचं आता हितं काय ऱ्हायलं. मनात आलं तर येतील आपणहून, घर त्यांचंच हाय. पोराला सांगितलं हुतं, आत्याला आणाय जा. त्यो म्हणतोय, सुट्टी न्हाई."

"तू का नाही आलीस मग?"

"मी?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी काहीतरी अचाट बोलले. "पांढऱ्या कपाळाचा मुराळी कुठं बघितलायस? सणासुदीला माझं तोंड घिऊन जाऊ व्हय मी त्यांच्या दारात?"

मी म्हटलं, "मामी, मला त्यातलं काही कळत नाही. ती तिथं बसलीय आणि तू इथं बसलीयस, एवढं दिसतंय."

मामी उठली. रांजणातून तांब्या भरून घेतला, तोंड धुतलं, केसांतलं भुसकाट झटकलं. एकदा कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. "चल," म्हणाली. सायकलीवर बस म्हटलं तर म्हणाली, "त्या काटकुळीवर? माझा नेम न्हाई, तिचा मणका मोडायचा." आम्ही चालत निघालो. ती पुढं आणि मी सायकल ढकलत मागं. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, कुठं निघालासा मळणी टाकून? ती चालतच राहिली. निवारा दिसायला लागला तशी तिची चाल कमी झाली. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला ती थांबली.

आईनं तिला बघितलं आणि उभी राहिली. पण बाहेर आली नाही. शेळ्या मधे.

"वन्सं," मामी म्हणाली.

"काय म्हंता?"

"मळणी पडलीया माझी."

"मग जावा की. मळणी करा."

"तुमास्नी न्ह्याय आलोय."

आईनं पदर सारखा केला. मामीला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिनं आपल्या नेहमीच्या आवाजात, फाटा सगळा हादरेल असं म्हटलं, "न्ह्याय आलोय म्हटलं! दुसरं कोन न्हाई घरात. मीच हाय. कशी हाय ती अशी हाय. चालती का बघा, न्हाईतर बसा शेरडांत!"

म्हातारी दचकली, तिची एक शेळी उठून रस्त्यावर आली. आई शेळीच्या मागून आली. मामीच्या समोर उभी राहून तिनं तिच्या कानामागचं भुसकाट काढलं.

"तुमी आला," आई म्हणाली. "मी म्हटलं, भाऊ गेला तसं म्हायेराचं तोंडच गेलं. ते तर हितं भुसकाटात माखलंय."

मामीला रडू आवरेना, म्हणून ती भांडायला लागली. "तीन वर्सं! एक फोन न्हाई! नणंद हाय का सरकार?"

"तुमी केलासा व्हय?"

"मी कसा करू? तुमी थोरल्या!"

"मी कुठली थोरली? तुमी वैनी!"

"बरं, ऱ्हाऊ दे. चला. सांजच्याला पाऊस आला तर भात भिजंल."

आकाशात एक ढग नव्हता. पण दोघी निघाल्या, आणि निघाल्या त्या अशा, की माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही. निवाऱ्यात आईची सायकल, माझ्या हातात माझी, हँडलला केळी. म्हातारी म्हणाली, "कोन गं त्या? सख्ख्या भनी?" मी म्हटलं, नणंद-भावजय. तिनं नुसतं "हंऽऽ" केलं आणि शेळी ओढून घेतली.

दोन हातांनी दोन सायकली ढकलत चढाचा रस्ता चालायला गेलात तर तुम्हाला कळेल. पायडल नडगीवर लागतं, एक सायकल डावीकडं ओढते, दुसरी उजवीकडं. मी घामाघूम. पुढं त्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. पोती किती होतील, यंदा पुढच्या वाफ्यात काय लावलंय, कोण बाळंत झाली, कुणाचं दुखणं निघालं. मधेच आई थांबली आणि वळली.

"येतीयास न्हवं गं?"

मी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, "येईल की. तिला कुठं न्ह्याय याय लागतंय कुणी!"

आणि तिनं आईचा दंड धरून तिला पुढं घातलं.